फोटो काढा, पण पाऊल पुढे टाकू नका

उसाच्या फडात बिबट्या दिसला, घाटात गवा आडवा आला, डांबरी रस्त्यावर हत्ती येऊन उभा राहिला, की दोन दिवसांत तोच वाद नव्याने पेटतो. कुणीतरी काढलेला व्हिडिओ सगळीकडे फिरतो. एक बाजू म्हणते, लोकांना समज नाही, मोबाइल काढून घ्या, दंड ठोका. दुसरी बाजू म्हणते, शहरात बसून आम्हाला शहाणपण शिकवू नका. फोटो दाखवल्याशिवाय आमचं ऐकतो कोण? दोघांचाही राग खरा आहे, पण भांडण चुकीच्या गोष्टीवरून चाललं आहे. हातात मोबाइल असला म्हणून माणूस मरत नाही आणि नसला म्हणून वाचत नाही. माझं म्हणणं असं, की अचानक समोर आलेल्या रानजनावराचा फोटो काढायला काहीच हरकत नाही, पण त्या फोटोसाठी एक पाऊलसुद्धा पुढे टाकता कामा नये. उभे आहात तिथून किंवा मागे सरकता सरकता जो मिळेल तो फोटो आपला. नाही मिळाला तर नाही. हा नियम केबलच्या कामावरच्या मजुराला लागू आहे, लाखाची लेन्स लावलेल्या हौशी छायाचित्रकाराला आहे आणि वाहिनीच्या कॅमेरामनलाही आहे.

बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं आधी घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. ताडोब्यात सफारीला जाताना मोबाइल नेण्यावर काही वर्षांपूर्वीच बंदी आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटनात मोबाइल वापरायला मनाई केली. हे योग्यच झालं. वाघ दिसल्याचा निरोप एका जिप्सीतून, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीतून, निघाला की थोड्या वेळात तिथे गाड्यांची रांग लागते, आणि ती रांग मोबाइलनेच लागते. पण ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-करांडला अभयारण्यात काय झालं? एक वाघीण आणि तिची पाच पिल्लं रस्त्यावर होती आणि दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. त्या कुटुंबाला जायला वाट उरली नाही. गाड्या नोंदणीकृत होत्या, सोबत गाइड होते, पर्यटकांनी रीतसर पैसे भरलेले होते. वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर ठेवायचं, हे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलेलं होतंच. वाघिणीची वाट अडवली ती चाकांनी. पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाइड-चालकांवर कारवाई झाली, ती या प्रकाराची दृश्यं लोकांसमोर आली म्हणून. कॅमेरा नसता तर वाघीण मोकळी सुटली असती का? अजिबात नाही. फक्त आपल्याला कळलं नसतं.

शिवाय बंदीचा हात पोचतो कुठपर्यंत? प्रवेशद्वारावर पिशव्या तपासता येतात त्या गाभा क्षेत्रापर्यंत. महाराष्ट्रात माणूस आणि रानजनावर अचानक समोरासमोर येतात ते बहुतेक वेळा त्या दाराच्या बाहेर. जुन्नर-शिरूरच्या उसात, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या १०४ चौरस किलोमीटरला खेटून उभ्या असलेल्या वस्त्यांमध्ये, दोडामार्गच्या बागायतीत, राधानगरी-दाजीपूरच्या रस्त्यावर. शेतीची थ्री फेज लाइट रात्री येते म्हणून शेतकरी रात्री पाणी द्यायला जातो तेव्हा त्याच्या हातातली बॅटरी कुठली असते? मोबाइलचीच. त्याला कुठल्या तोंडाने सांगणार, की फोन घरी ठेवून जा?

तरीही बंदीवाल्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा अजून बाकी आहे. ते म्हणतात, घाबरलेल्या किंवा हरखून गेलेल्या माणसाला बारीकसारीक नियम आठवत नाहीत. स्क्रीनकडे बघणाऱ्याला आजूबाजूचं दिसत नाही; पिल्लू दिसतं, पण झाडीतली आई दिसत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच नियम एकच हवा, आणि तो मेंदूने आठवायचा नव्हे, पायांनी पाळायचा हवा. पण त्याआधी पाय पुढे का जातात हे नीट पाहिलं पाहिजे. ‘सेल्फीचं वेड’ एवढं म्हणून आपण मोकळे होतो आणि खरं कारण तसंच राहतं.

ते कारण बऱ्याच अंशी मोबाइलच्या भिंगात आहे. मोबाइलचा मुख्य कॅमेरा रुंद दृश्य टिपणारा असतो. घरातला वाढदिवस, दहा जणांचा ग्रुप, जेवणाचं ताट यांसाठी तो उत्तम. मोबाइल आडवा धरून तो २० मीटरवर रोखला तर चौकटीत साधारण २८ ते ३० मीटर रुंदीचा पट मावतो. शेपटीसकट दोन मीटर लांबीचा बिबट्या आडवा उभा असेल तर तो त्या चौकटीचा पंधरावा हिस्सा व्यापतो. डोळ्यांना जो धडधडीत बिबट्या दिसतोय तो स्क्रीनवर तांबूस ठिपका होतो. माणूस डोळ्यांवर नाही, स्क्रीनवर विश्वास ठेवतो. त्याला वाटतं, अजून लांबच आहे की, आणि तो चार पावलं पुढे जातो. ठिपका फारसा वाढत नाही, म्हणून आणखी चार. इथे माणूस बेफिकीर असतोच असं नाही. हातातलं यंत्र त्याला अंतर खोटं सांगत असतं. दुसरीकडे आपण रोज पाहतो ते वाघ-बिबट्यांचे देखणे फोटो लांब पल्ल्याच्या लेन्सने काढलेले असतात. त्यात जनावर हाताच्या अंतरावर आल्यासारखं दिसतं. ते बहुधा सफारीतल्या, गाड्यांना सरावलेल्या जनावराचे असतात. जिप्सी काही करत नाही हे ताडोब्याच्या वाघाने पिल्लू असल्यापासून पाहिलेलं असतं. उसातल्या मादीने किंवा रस्ता ओलांडणाऱ्या हत्तीने तुमच्याबद्दल असं काहीच ठरवलेलं नसतं. मनात एक अंतर, स्क्रीनवर दुसरं आणि जमिनीवर तिसरंच. यातलं जीव घेतं ते जमिनीवरचं.

२०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला. कित्येक पिढ्यांनी हत्ती पाहिलेला नव्हता अशा गावांच्या शिवारात एकदम हत्ती वावरू लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे केबल टाकण्याच्या कामावर आलेला एक तरुण मजूर हत्तीसोबत सेल्फी घेण्याच्या प्रयत्नात मारला गेला. त्या बातमीखाली लोकांनी जे लिहिलं ते वाचवत नव्हतं. कामासाठी परक्या रानात आलेल्या त्या पोराला हत्ती किती वेगाने अंगावर येतो हे कुणी सांगितलं होतं? चिडलेला हत्ती धावत्या माणसाला सहज गाठतो. ओडिशात नबरंगपूर जिल्ह्यात २०१८ मध्ये एक माणूस जखमी अस्वलासोबत सेल्फी घ्यायला गेला आणि अस्वलाने त्याला मारलं. जखमी जनावर पळू शकत नाही, म्हणूनच ते उलटून येतं, ही गोष्ट रानाजवळ राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते. ती आपण शाळेत कधी शिकवली? मेलेल्याला मूर्ख ठरवलं की शिकवण्याची जबाबदारी कुणावरच उरत नाही.

गव्याचं उदाहरण जरा जवळून बघण्यासारखं आहे. दाजीपूरच्या बाजूला रस्त्यालगत गवा चरताना दिसला की गाड्या थांबतात, काचा खाली होतात, कुणीतरी उतरतं. गवा मान वर करतो, नाकातून जोरात फुसकारतो आणि मग सावकाश वळून पूर्ण आडवा उभा राहतो. पाठीचा उंचवटा, गळ्याखालची पोळी, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, सगळं एकदम डोळ्यांत भरतं. लोक म्हणतात, बघ, पोज देतोय. ती पोज नसते. आपला आकार किती मोठा आहे हे गवा समोरच्याला दाखवत असतो. दुसऱ्या नराला तो हेच दाखवतो आणि तो नर शहाणा असेल तर मागे हटतो. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो. त्याने स्वच्छ शब्दांत सांगावं तसा इशारा दिलेला असतो आणि नेमक्या त्याच क्षणी आपण दोन पावलं पुढे होतो, कारण फोटो आता चांगला येणार असतो. अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं ते वास घ्यायला आणि नीट बघायला. आपल्याला ते गमतीदार वाटतं. बिबट्या कान मागे पाडतो, शेपटीचं टोक झटकतो, हत्ती चरणं थांबवून एकदम स्तब्ध होतो. फोटोसाठी सगळ्यात ‘छान’ वाटणारा क्षण पुष्कळदा जनावराने दिलेला शेवटचा इशारा असतो.

आणि मरतं ते फक्त माणूस नाही. ९ डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडमध्ये, महात्मा सोसायटीच्या परिसरात गवा आला. लोक जमले, मागे लागले, गल्ल्यागल्ल्यांतून व्हिडिओ निघाले. गवा भिंतींना धडकत, जखमी होत धावत राहिला. शेवटी त्याला भूल देऊन पकडलं आणि तो मेला. त्याने कुणाला मारलं नव्हतं. त्याला परत जायची वाट हवी होती आणि प्रत्येक वाटेच्या तोंडाशी फोन घेतलेली माणसं उभी होती. दोनच आठवड्यांनी बावधन-पाषाण भागात दुसरा गवा आला. या वेळी वनखातं आणि पोलिसांनी गर्दी लांब रोखली, गव्याला त्याचा वेळ दिला आणि तो आपल्या पायांनी रानात परत गेला. शहर तेच, महिना तोच, लोकांच्या खिशातले मोबाइलही तेच. दुसऱ्या गव्याचेही फोटो निघाले, वर्तमानपत्रांत आले. बदललं फक्त अंतर. बंदी विरुद्ध हक्क असा वाद घालणाऱ्यांनी हे दोन दिवस शेजारी ठेवून बघावेत.

आता दुसऱ्या बाजूकडे येऊ. फोटो हा पुरावा आहे, या म्हणण्यातलं दुःख मला कळतं. गावातल्या माणसाने बिबट्या दिसल्याचं सांगितलं की कुत्रं असेल, तरस असेल, असं म्हणून वाटेला लावल्याचे अनुभव जागोजागी ऐकायला मिळतात. अशा वेळी फोटो हे दुबळ्या माणसाच्या हातातलं बळ असतं आणि ते हिसकावून घ्या असं मी म्हणणार नाही. पण पुराव्याला फोटो जवळून काढलेला लागतो, हे कुणी ठरवलं? लांबून काढलेल्या धूसर फोटोतही जनावराचा बांधा, चाल, शेपटीची लांबी, आजूबाजूचं झाड, बांध, विहीर दिसते, आणि वनरक्षकाला पंचनाम्यासाठी ती जागाच हवी असते. मोबाइलवर दोन बोटांनी मोठं करत नेण्याचा जो झूम असतो तो बराचसा आहे तीच चौकट कापून दाखवतो. ते कापणं घरी बसूनही होतं. ओल्या मातीतला ठसा, ओढत नेलेल्या शेळीची खूण, विष्ठा, हे पुरावे जनावर गेल्यावरही जागेवर राहतात. त्यांचा फोटो शेजारी काडेपेटी ठेवून निवांत काढता येतो. बिबट्या नेमका कोणता हे ओळखायचं तर अंगावरच्या ठिपक्यांची रचना लागते आणि ते काम खात्याच्या कॅमेरा ट्रॅपचं, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचं आहे, जिवावर उदार झालेल्या शेतकऱ्याचं नाही. त्यातून आता एआयने बनवलेले बिबट्याचे खोटे फोटो गावोगाव फिरतात आणि वनखात्याला खुलासे करत बसावं लागतं. नुसत्या फोटोवर विश्वास ठेवण्याचे दिवस तसेही सरत चालले आहेत. मागणी करायचीच तर ती कॅमेरा ट्रॅप लवकर लावण्याची, १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर फोन केल्यावर माणूस प्रत्यक्ष येण्याची करावी.

आपल्याकडचा इतिहासही हेच सांगतो. १९११ मध्ये ब्रिटिश बादशहा पंचम जॉर्ज नेपाळच्या तराईत शिकारीला गेला, दहा दिवसांत ३९ वाघ मारले गेले. त्या काळच्या शिकारीचे फोटो डोळ्यांसमोर आणा: मेलेले वाघ ओळीने मांडलेले आणि मागे माणसं उभी. फोटो वाघाचा नव्हताच, माणसाचा होता. पुढे बंदूक खाली ठेवून कॅमेरा हाती घेतलेला वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन याने १९२० च्या दशकात रानातल्या जिवंत वाघांचे फोटो मिळवले. ते कसे? वाघाच्या वाटेवर तार लावून, कॅमेरा आणि फ्लॅश मांडून, स्वतः तिथून निघून जाऊन. तारेला पाय लागला की वाघ स्वतःच स्वतःचा फोटो काढायचा. जिम कॉर्बेट चॅम्पियनचं काम बघून कॅमेऱ्याकडे वळला. नव्वदच्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेच्या रानात वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंतांनी वाघ मोजण्यासाठी कॅमेरा ट्रॅप वापरले त्यामागचं तत्त्वही तेच होतं. पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या तरुणपणी पक्षी ओळखायचा तर तो गोळी घालून हातात घ्यावा लागे, त्या काळातल्या विज्ञानाची ती रीत होती. नंतर दुर्बिणी आल्या, पायात वळी घालून पक्षी सोडून देणं आलं, आणि ज्ञान कमी न होता वाढलं. शंभर वर्षांत प्रत्येक सुधारणेने माणसाला जनावरापासून लांब नेलं आहे. जनावर मागे टाकून आपला चेहरा पुढे घेणारा सेल्फी हा एकच प्रकार उलट दिशेने, त्या ओळीने मांडलेल्या वाघांकडे जातो. त्यात आणखी एक धोका आहे, जो कायद्यापेक्षाही तातडीचा आहे: सेल्फीत पाठ जनावराकडे असते.

कायदाही आपल्याला वाटतो तितका मोघम नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही. पकडणं, पाठलाग करणं, हाकणं, आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणं, हे सगळं तिच्यात येतं. फोटोसाठी गव्यामागे गाडी घालणारा माणूस नेमकं काय करत असतो? कर्नाटकातल्या बांदीपूरमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये हत्तीच्या फार जवळ गेलेला एक पर्यटक तुडवला जाता जाता वाचला. त्याला २५ हजारांचा दंड झाला. दंड योग्यच होता, पण तो प्रसंग घडून गेल्यावर झाला आणि शिकला एकटा तो.

म्हणून आधी सांगायचं काय, तर हे: बिबट्या समोर आला तर पळू नका, वाकू नका, खाली बसू नका. सोबत लहान मूल असेल तर त्याला उचलून घ्या, तोंड बिबट्याकडे ठेवून मागे सरा आणि त्याची निघून जायची वाट सोडा. पुढे-मागे झाडी कुठे आहे, त्याला जायचं कुठे आहे, हे बघा; तुम्ही त्या दोहोंच्या मध्ये उभे असाल तर बाजूला व्हा. हत्ती लांब दिसला तरी गाडी तिथेच थांबवा, हॉर्न वाजवू नका, वळायला जागा आहे तोवर मागे घ्या, उतरू नका. मोहाच्या हंगामात पहाटे फुलं वेचायला जाणाऱ्या विदर्भातल्या बाया मोठ्याने बोलत, घोळक्याने जातात त्याला कारण आहे: अस्वलाची नजर मंद असते, तेही मोहालाच आलेलं असतं, आणि दचकलेलं अस्वल सगळ्यात वाईट. यातलं सगळं करून झालं, अंतर वाढू लागलं आणि तरीही हात मोकळा असेल, तर फोन छातीशी धरून व्हिडिओ सुरू करा. फ्लॅश बंद, आवाज बंद. डोळे जनावरावर ठेवा, स्क्रीनवर नको. ज्या रुंद भिंगाने मघाशी घात केला तेच आता कामी येतं. नेम न धरताही जनावर चौकटीत येतंच. नंतर त्यातली हवी ती चौकट कापून घ्या आणि आधी वनखात्याला पाठवा. गावच्या ग्रुपवर लगेच जागा टाकली की अर्ध्या तासात तिथे दुचाकींची गर्दी होते, मग ते जनावर आणि ते गाव दोघांनाही कोथरूडच्या वाटेने जावं लागतं.

एक आक्षेप राहतो. सामान्य माणसाला एवढं सांगता, मग बिबट्या विहिरीतून काढताना कठड्यावर ओणवलेल्या वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांचं काय? आक्षेप रास्त आहे. पुढारी आणि पत्रकार पुढे उभे दिसले की मागची शंभर माणसं पुढे सरकणारच. याला तोडगा आहे आणि तो फार खर्चाचाही नाही. बचावकार्य सुरू झालं की जागेभोवती दोरी बांधावी आणि आत फक्त वनखात्याचा एक कॅमेरा असावा. जनावर मार्गी लागल्यावर तासाभरात ते चित्रण सगळ्या वाहिन्यांना आणि गावालाही द्यावं. पत्रकार संघटनांनी ते आपणहून मान्य करावं. वनपरिक्षेत्र कार्यालयात मोबाइल असतोच, दोरीही असते. येत्या ऊसतोडीच्या हंगामात जुन्नर आणि शिरूर तालुक्यांपासून सुरुवात करावी, कारण फड उघडे पडू लागले की तिथे बिबट्याची मादी पिल्लांसह रोजच कुणाच्या ना कुणाच्या समोर येते.